शिसवी की सागवानी? जुन्या फर्निचरचे लाकूड ओळखा

घराची डागडुजी निघाली की पहिली गदा येते ती जुन्या फर्निचरवर. आजीचा पलंग, पणजोबांचे मेज जागा अडवते म्हणून मिळेल त्या भावात विकले जाते. पलंग अस्सल शिसवी होता, हे मागाहून कळते. कधी उलटेही घडते. काळ्याभोर पॉलिशला भुलून साध्या लाकडासाठी शिसवीचा भाव मोजला जातो. दोन्हीकडून नुकसान आपलेच!

रंगावर जाऊ नका

वर्षानुवर्षांचा धूर, तेलकट हात आणि पॉलिशचे थर यांनी सागही काळपट दिसू लागतो. म्हणून पॉलिश न पोचलेली जागा शोधावी: खणाची आतली बाजू, कपाटाची पाठ किंवा पायाचा तळ. त्यातही पायाचा तळ उत्तम, कारण तेथे लाकडाचा आडवा छेद मिळतो.

तेथे धारदार पात्याने नखाएवढी जागा तासून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहावी. सागात हंगामाच्या सुरुवातीची मोठी छिद्रे ओळीने असतात, त्यामुळे वलये स्पष्ट उठून दिसतात. शिसवात छिद्रे विखुरलेली असतात आणि तपकिरी-जांभळट लाकडात काळ्या रेषा दिसतात. आंब्याफणसाची छिद्रेही विखुरलेलीच, पण आंबा फिकट असतो आणि फणस तासल्यावर आतून पिवळसर निघतो.

वजन आणि वास

वाळलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, तर शिसव ८५० किलोच्या आसपास. म्हणून सारख्या आकाराच्या दोन खुर्च्यांत शिसवी खुर्ची उचलताच जड लागते. ताज्या तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो आणि त्याचा स्पर्श किंचित तेलकट असतो.

फळीची कडही नीट पाहावी. वरच्या रेषा कडेवर पुढे जात नसतील, तर वर फक्त पातळ पापुद्रा चिकटवलेला असू शकतो. शिवाय जुने कारागीर काटकसरी होते. दर्शनी भाग शिसवी, तर पाठीची फळी हलक्या लाकडाची, असे सर्रास आढळते. म्हणून प्रत्येक भाग वेगळा तपासावा.

शंका राहिली तर

अनुभवी सुताराला दाखवावे. वस्तू मोलाची असेल तर देहरादूनची वन संशोधन संस्था किंवा बंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे विचारणा करावी. तेथे नमुन्यावरून लाकडाची जात ओळखतात.

मुलाबाळांकडे परदेशी शिसवी वस्तू पाठवायची असेल, तर आधी परवान्याची चौकशी करावी. २०१७ पासून शिसवाच्या गटातील सर्व झाडांच्या लाकडाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित आहे.

तोपर्यंत वस्तू विकण्याची किंवा तिच्यावर रंधा मारण्याची घाई करू नये. एकदा तासलेली जुनी झळाळी पुन्हा आणता येत नाही.