खिशातले आखाडे – भाग ७ : तळहातावरचा महासामना

मागच्या भागात गेम बॉयवरच्या मारामारीच्या खेळांची दैना पाहिली. रंगाच्या चार छटा, दोन बटणं, आणि स्प्राइट म्हणजे हलत्या चित्रांचे तुकडे पडद्याच्या एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त दहा. एवढ्या भांडवलावर दोन गडी समोरासमोर उभे करायचे म्हटलं की एकाचा हात तरी लुकलुकायचा, नाहीतर दुसऱ्याचा पाय. आजचा खेळ तसा ओढूनताणून बसवलेला नाही. तो त्याच्या यंत्रासाठीच रचला गेला. अडचण एवढीच की ते यंत्र फारच थोड्यांच्या हाती पोचलं.

खेळ 'एसएनके व्हर्सेस कॅपकॉम : द मॅच ऑफ द मिलेनियम', साल १९९९ची अखेर, यंत्र एसएनकेचं 'निओ जिओ पॉकेट कलर'.

एसएनके आणि कॅपकॉम या दोन्ही ओसाका भागातल्या कंपन्या आणि एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. १९८७चा पहिला 'स्ट्रीट फायटर' कॅपकॉमसाठी ताकाशी निशियामा यांनी दिग्दर्शित केला. पुढे ते एसएनकेत गेले आणि १९९१मध्ये 'फेटल फ्युरी' घेऊन आले. दोन्ही घराण्यांचं मूळ एकाच माणसापाशी जातं म्हटल्यावर टोमणेबाजी आलीच. एसएनकेच्या 'आर्ट ऑफ फायटिंग'मधला रिओ साकाझाकी गंभीर चेहऱ्याचा कराटेपटू. त्याची नक्कल करायला कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर अल्फा'त डॅन हिबिकी आणला. गुलाबी पोशाख, तोंडात फुशारकी, आणि हातातून सुटलेला आगीचा गोळा हातभर अंतरावर विझणारा.

आपल्याकडच्या पार्लरांमध्येही ही दोन घराणी शेजारी शेजारी नांदत होती. पोरं ज्याला 'मुस्तफा' म्हणायची तो 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' कॅपकॉमचा, आणि ज्याच्याभोवती घोळका जमायचा तो 'किंग ऑफ फायटर्स ९७' एसएनकेचा. नाणं टाकणाऱ्याला कंपनीशी देणंघेणं नव्हतं, पण 'स्ट्रीट फायटर'चा र्यू भारी की 'किंग ऑफ फायटर्स'चा क्यो, हा वाद जपानइतकाच इथेही रंगत असणार.

पार्लरमधल्या मोठ्या मशीनवर या दोन घराण्यांची गाठ पडली २०००मध्ये, 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'मधून. त्याआधीच, पत्त्यांचा एक खेळ सोडला तर, ही मंडळी पहिल्यांदा भिडली ती दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या या खिशातल्या यंत्रात. एकूण २६ खेळाडू : सुरुवातीला दोन्हीकडचे नऊ-नऊ, बाकीचे आठ दडवलेले. डॅन आणि रिओ यांना अखेर समोरासमोर उभं करता येऊ लागलं.

आता मुद्द्याचं. पडदा १६० बाय १५२ ठिपक्यांचा. कॅपकॉमच्या त्या काळच्या मोठ्या मशीनचा पडदा ३८४ बाय २२४, म्हणजे साडेतीन पट ठिपके. मूळ चित्रं लहान करून बसवली असती तर र्यू आणि केन यांच्यात फरक दिसला नसता. त्यामुळे सगळ्यांना नव्याने, मोठ्या डोक्याचं आणि आखूड हातापायांचं काढलं. हा निव्वळ गोंडसपणाचा सोस नव्हे. माणूस ओळखू येतो तो र्यूच्या कपाळपट्टीवरून, 'फेटल फ्युरी'तल्या टेरीच्या टोपीवरून. ठिपके मोजकेच असतील तर ते तिथेच खर्चायला हवेत. त्यात प्रत्येक आठ बाय आठच्या तुकड्याला एका वेळी तीनच रंग मिळतात. मात्र शेजारच्या तुकड्याला दुसरे तीन देता येतात. काळी कड, अंगाचा रंग, कपड्याचा रंग, की संपलं. एवढ्यात कॅपकॉमची मॉरिगन मॉरिगनसारखी दिसते, याबद्दल त्या चित्रकारांना मनापासून दाद द्यावीशी वाटते.

बटणांचा प्रश्न याहून अवघड. 'स्ट्रीट फायटर'ला सहा बटणं लागतात, एसएनकेच्या खेळांना चार. इथे दोनच : एक ठोशाचं, एक लाथेचं. टिचकी मारली की हलका फटका, किंचित दाबून धरलं की जोरदार. ऐकायला सोपं आहे, पण बोट टेकताक्षणी यंत्राला तुमचा इरादा कळणार कसा? बोट उचललं जातंय का, हे पाहायला क्षणभर थांबावंच लागतं. जोरदार फटका तसाही सावकाशच निघायला हवा, म्हणून हा उशीर खपून जातो. मर्यादेलाच नियम करून टाकण्याची ही चलाखी मला या खेळातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

दिशेसाठी अधिक चिन्हाच्या आकाराच्या बटणाऐवजी आठ दिशांना वळणारी, कटकट वाजणारी छोटी दांडी आहे. खाली, तिरकी, पुढे असा पाव वर्तुळाचा फेरा अंगठ्याने घेताना प्रत्येक दिशा लागल्याचं कानाला कळतं. गेम बॉयवर दहा वेळा फसणारा हादोकेन, म्हणजे र्यूचा गोळा, इथे सहज सुटतो. शेजारी झोपलेल्या माणसाला मात्र त्रास.

ताकदीची पट्टी वापरायच्या तीन पद्धती दिल्या आहेत : ॲव्हरेज, काउंटर आणि रश. रश घेतली तर फटक्यांची साखळी जोडता येते आणि सामना पार बदलतो. शिवाय 'ऑलिंपिक' नावाचा एक विभाग आहे. त्यात 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'चा आर्थर उड्या मारत जातो, 'मेटल स्लग'मधल्या मंगळवासीयांवर गोळ्या झाडता येतात. ही भर नसती तरी चाललं असतं.

यंत्राचं पुढे काय झालं? पडद्यामागे दिवा नाही, समोर गेम बॉय कलर आणि पोकेमॉनची लाट. जानेवारी २०००मध्ये एसएनके पाचिंको यंत्रं बनवणाऱ्या अरुझे कंपनीच्या ताब्यात गेली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिका-युरोपातून पॉकेट कलर काढून घेण्यात आलं. ऑक्टोबर २००१मध्ये एसएनके दिवाळखोरीत निघाली. महासामन्याची कीर्ती मग मोठ्या पडद्यावरच्या 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २'ने नेली. तो खेळ देखणा आहे, वाद नाही. पण त्यात जुनी चित्रं नव्यांशेजारी उसनी आणल्यासारखी उभी दिसतात. पॉकेटवर २६ही जण एकाच हाताने काढल्यासारखे वाटतात.

२०२१च्या फेब्रुवारीपासून हा खेळ निन्टेंडो स्विचवर मिळतो. घेतलात तर पहिला सामना डॅनकडून खेळा, समोर रिओ ठेवा. पुढच्या आठवड्यात वंडरस्वान कलर आणि त्यावरचा 'गिल्टी गिअर पेटिट'.