एक बिबट्या, साडेपाच टन सावज

50 किलो वजनाची बिबट्याची मादी जगायला किती खाद्य लागतं? रोजचं तीन-चार किलो मांस, हे झालं एका दिवसाचं उत्तर. परिसंस्थेचा हिशेब वेगळा असतो. कार्बोन आणि गिटलमन या शास्त्रज्ञांनी 2002 साली मांडलेलं गणित असं: 90 किलो मांसाहारी प्राणी टिकायचे, तर त्या भागात सुमारे 10,000 किलो सावज कायम जिवंत असावं लागतं. म्हणजे आपल्या मादीमागे साडेपाच टन. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर जगावं, तसा हा व्यवहार आहे. मुद्दल घटलं की खाणाराही घटतो.

आता हे गणित जुन्नर-आंबेगावच्या शिवारात मांडून पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत मिळून सव्वासहा लाखांहून जास्त माणसं राहतात. हरणांचे कळप इथल्या शेतांत नाहीत. मग साडेपाच टन येतात कुठून?

आधी आसरा पाहू. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. एकट्या डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी, म्हणजे 35 हजार कोटी लिटरच्या घरात. दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाला वाटायचं म्हटलं, तर माणशी साडेपाच लाख लिटर येईल. या पाण्यानं कोरडवाहू शिवारात ऊस आणला. आडसाली ऊस 16 ते 18 महिने शेतात उभा राहतो. बिबट्याची पिल्लं आईबरोबर राहतात तीही साधारण दीड वर्षच. जन्मापासून स्वतंत्र होईपर्यंतचं अख्खं बालपण उसाच्या एकाच फडात मावतं.

पण बिबट्या ऊस खात नाही. ऊस त्याला लपायला जागा देतो, पोट भरतं दुसरीकडे. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. त्याच भागात दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसं राहतात. म्हणजे एका बिबट्यामागे सहा हजार माणसं! विष्ठेच्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. वजनाच्या हिशेबात त्याच्या आहारातला 87 टक्के वाटा पाळीव आणि गावठी जनावरांचा होता. त्यात कुत्री 39 टक्के, शेळ्या फक्त 11 टक्के. खरं तर शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती. फरक राखणीचा आहे. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं उकिरड्यावर.

अन्नसाखळीत एका पायरीवरून वरच्या पायरीला ढोबळमानानं दहावा हिस्साच ऊर्जा पोचते. जंगलात या मनोऱ्याचा पाया गवत आणि पाला. इथे तो आपण रचतो: शिळी भाकरी, हॉटेलाचं खरकटं, पोल्ट्रीबाहेर फेकलेल्या मेलेल्या कोंबड्या. त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांवर बिबटे.

म्हणूनच नुसत्या पिंजऱ्यानं हिशेब जुळत नाही. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे पकडून सरासरी 39.5 किलोमीटर दूर सोडण्याचा सपाटा लागला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. नंतर ते 17 झाले. प्राणघातक हल्ल्यांचं प्रमाण 18 वरून 36 टक्क्यांवर गेलं. सोडलेला बिबट्या तिथेच थांबतो असंही नाही. 2009 मध्ये माळशेज घाटात सोडलेला, रेडिओ कॉलर लावलेला 'आजोबा' सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईजवळच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला होता. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत ऊस तसाच, कुत्री तशीच. मग तिथे नवा, परिसराला अनोळखी बिबट्या येतो.

माणूस दगावतो, लेकरू उचललं जातं, तेव्हा पिंजऱ्याची मागणी होणारच आणि त्या बिबट्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण बिबट्यांची संख्या ठरते ती उकिरड्यावर. मेलेल्या कोंबड्या पुरा, कुत्र्यांची नसबंदी करा, गोठे बंदिस्त करा आणि रात्री पाणी द्यायला शिवारात जावं लागू नये म्हणून शेतीला दिवसा वीज द्या. साडेपाच टनांचं मुद्दल आपणच पुरवतो आहोत; ते कमी करणंही आपल्याच हातात आहे.