बुडिताचे बोलके दफ्तर

सरदार सरोवर प्रकल्पाविषयीचे लिखित दफ्तर अवाढव्य आहे. १९६९ साली नेमलेल्या नर्मदा जलविवाद लवादाचा डिसेंबर १९७९ मधील निवाडा, जागतिक बँकेने १९८५ साली मंजूर केलेल्या पंचेचाळीस कोटी डॉलरच्या कर्जाची कागदपत्रे, त्याच बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स समितीचा १९९२ चा प्रतिकूल अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा १८ ऑक्टोबर २००० चा निकाल एवढी प्रमुख साधने जरी घेतली तरी त्यांची पाने हजारोंत जातात. या कागदांत खोऱ्यातील माणूस खातेदार, कुटुंबप्रमुख किंवा सज्ञान मुलगा म्हणून नोंदला गेला आहे. त्याच्याविषयी लिहिलेले पुष्कळ आहे आणि तो स्वतः बोलला असे मात्र थोडे. नंदिनी ओझा यांनी उभारलेला नर्मदा लढ्याच्या मौखिक इतिहासाचा संग्रह ही उणीव भरून काढणारा आहे. चळवळींच्या इतिहासलेखनात त्याला मिळायला हवे तेवढे महत्त्व अद्याप मिळालेले नाही.

मौखिक इतिहास म्हणजे घटनेत प्रत्यक्ष सहभागी असलेल्या व्यक्तीची सविस्तर मुलाखत तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करणे, ती जशीच्या तशी जपणे आणि इतर साधनांबरोबर तपासून वापरणे. वार्ताहराची मुलाखत एका बातमीपुरती असते, तर या पद्धतीत बोलणाऱ्याला आपल्या बालपणापासून सुरुवात करण्याची, आडवळणे घेण्याची आणि उद्या पुन्हा बसून कालचे सांगणे दुरुस्त करण्याची मुभा असते. ओझा या दशकाहून अधिक काळ नर्मदा बचाओ आंदोलनाच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या आणि त्यातून बाहेर पडल्यानंतर त्यांनी या कामाला वाहून घेतले. भिली, पावरी, निमाडी, गुजराती, मराठी, हिंदी अशा अनेक भाषा-बोलींतील, सुमारे ऐंशी व्यक्तींच्या आणि शेकडो तासांच्या या मुलाखतींत आदिवासी, शेतकरी, मच्छीमार यांच्याबरोबर शहरांतून खोऱ्यात गेलेले कार्यकर्तेही आहेत. मुलाखत घेणारी व्यक्ती त्याच मोर्चांत चाललेली असल्यामुळे बोलणाऱ्याला संदर्भ समजावून सांगत बसावे लागत नाही आणि परक्यापुढे माणूस जे बोलत नाही तेही येथे बोलले जाते. मात्र ज्यांनी आंदोलनाची वाट धरली नाही त्यांच्यापर्यंत पोहोचणे अशा व्यक्तीला तुलनेने अवघड जाते, आणि अभ्यासकाने हे दोन्ही लक्षात ठेवूनच संग्रह ऐकला पाहिजे.

असा संग्रह नसला तर काय हरवते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नेतृत्व आणि विनायकराव भुस्कुटे यांचे लेखन यांमुळे त्याची हकिकत टिकली, पुढे राजेंद्र व्होरा यांनी त्या लढ्याचा साक्षेपी इतिहासही लिहिला. परंतु ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली त्या मावळ्यांचे, आणि विशेषतः त्या घरांतील बायकांचे, स्वतःचे म्हणणे आज कोणत्याही कष्टाने परत मिळवता येणार नाही. नर्मदेच्या बाबतीत ध्वनिमुद्रणाचे साधन हाताशी होते. ते वापरण्याचे भान ठेवणारी व्यक्तीही मिळाली, हे मराठी वाचकाने कृतज्ञतेने नोंदवावे असे आहे.

संग्रहाचे खरे मोल प्रकल्पाच्या मूळ जागी, गुजरातमधील केवडियाच्या परिसरात, सर्वांत स्पष्टपणे कळते. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते प्रकल्पाची कोनशिला बसली आणि त्याच सुमारास वसाहत, रस्ते व कचेऱ्या यांसाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांची जमीन संपादित करण्यात आली. ही गावे प्रामुख्याने तडवी आदिवासींची. लवादाचा निवाडा त्यानंतर अठरा वर्षांनी आला आणि त्यात पुनर्वसनाचे हक्क जलाशयाच्या बुडिताशी जोडले गेले. म्हणजे ज्याची जमीन पाण्याखाली जाईल तो विस्थापित, आणि ज्याच्या जमिनीवर अभियंत्यांची वसाहत उभी राहिली तो त्या व्याख्येबाहेर. धरणाने पहिल्यांदा उठवलेली माणसे अशा रीतीने धरणग्रस्तांच्या यादीबाहेर राहिली. ज्यांची गणतीच झाली नाही त्यांच्याविषयी कोणताही तक्ता तयार होत नाही, आणि म्हणून या गावांतील वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी, म्हणजे शेतात यंत्रे कशी शिरली, मोबदला म्हणून काय हातावर ठेवले गेले, पुढे मजुरीसाठी कोणाच्या दारी जावे लागले, हे सारे पूरक साहित्य न राहता मुख्य साधन ठरते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी याच परिसरात १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे उद्घाटन झाले आणि पर्यटनाच्या विस्ताराबरोबर त्या जुन्या भूसंपादनाचा वाद नव्याने पुढे आला, त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या या साक्षी केवळ इतिहासाच्या राहिलेल्या नाहीत.

महाराष्ट्रातील बाधित गावे ३३ असून ती आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, सातपुड्याच्या उतारावर आहेत किंवा होती. येथे प्रश्न निराळा होता. डोंगरउतारावरील जंगल साफ करून पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या शेतीला या भागात नेवाड म्हणतात. ती शेती वनखात्याच्या लेखी अतिक्रमण आणि महसुलाच्या लेखी अस्तित्वातच नाही, कारण तिचा सातबारा नाही. ज्या गावांचा महसुली अभिलेख अपुरा तेथे बुडिताचा हिशेबही अपुराच निघणार, आणि पुढे ‘घोषित’ व ‘अघोषित’ प्रकल्पग्रस्त अशी जी विभागणी झाली तिच्या मुळाशी हेच होते. उलट मुलाखतींत जमिनीचे वर्णन गट क्रमांकाने होत नाही. ते नाल्याच्या वळणाने, मोहाच्या झाडांनी आणि कोणाच्या आजोबांनी कोणता तुकडा मोकळा केला या माहितीने होते. काळाची नोंदही तशीच होते. इसवी सनाऐवजी सर्वेक्षणाचे दगड गावात रोवले गेले ते वर्ष, मणिबेलीत सत्याग्रह सुरू झाला तो पावसाळा किंवा डोमखेडीत माणसे छातीभर पाण्यात उभी राहिली ते साल, अशा खुणांवर आठवण उभी असते, आणि पोलीस ठाण्याची नोंद, वर्तमानपत्र व पत्रके समोर ठेवून तिची तारीख लावणे हे संपादकाचे काम ठरते. हे काम किचकट आहे, पण त्यातून घटनांचा असा क्रम हाती येतो जो कोणत्याही एका कागदात सापडत नाही.

ध्वनी टिकवणे ही स्वतंत्र विद्या आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील चळवळींचे बरेचसे ध्वनिमुद्रण कॅसेटवर झाले. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा जो थर असतो तो दमट हवेत पाणी शोषून चिकट होतो, भुकटी सुटू लागते, आणि वाजवण्याची यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. म्हणून जाणते अभिलेखपाल अशा फितींचे रूपांतर संकोचन न केलेल्या डिजिटल स्वरूपात, शक्यतो सेकंदाला ९६ हजार नमुने व २४ बिट या प्रमाणात करतात. या दर्जाच्या दोन मार्गिकांच्या एका तासाला सुमारे दोन गीगाबाइट जागा लागते. हीच ध्वनिफीत आकार लहान करणाऱ्या स्वरूपात साठवली तर कानाला फरक फारसा जाणवत नाही, परंतु गाळले गेलेले तपशील परत येत नाहीत.

त्यापुढचे काम लिप्यंतराचे, म्हणजे ऐकलेले शब्दशः लिहून काढण्याचे. भिली आणि पावरीला स्वतःची रूढ लिपी नसल्याने ते देवनागरीत करावे लागते आणि बोलीतील उच्चार प्रमाण मराठीच्या साच्यात बसवण्याचा मोह प्रत्येक ओळीला आवरावा लागतो. बोलणारा कोठे थांबला, कोठे आवाज कापरा झाला, एखाद्या अधिकाऱ्याचे नाव घेताना त्याने आवाज खाली आणला का, हे कंसात नोंदवले नाही तर कागदावर उरलेले वाक्य अर्धेच असते. त्या बोलीत वाढलेल्या माणसाला हाताशी घेतल्याशिवाय हे साधत नाही. खोऱ्यातील जीवनशाळांत, म्हणजे आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या आरंभापासून चालवलेल्या निवासी शाळांत, शिकून मोठी झालेली पिढी या कामाची स्वाभाविक हक्कदार आहे.

या संग्रहातून मराठीला मिळालेले ठळक फळ म्हणजे ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक होय. २०१७ साली राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या या पुस्तकात केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे या दोन आदिवासी नेत्यांचे निवेदन आहे आणि २०२२ साली त्याचा इंग्रजी अनुवादही आला. आंदोलनाची कथा एरवी शहरी नेतृत्वाच्या नावाभोवती सांगितली जाते. येथे ती गावाच्या बाजूने सुरू होते आणि निर्णय कोठे, कसे व कोणाच्या विरोधासह घेतले गेले याचा विचार खोऱ्यातील माणसेच करताना दिसतात. कार्यकर्त्याला आदिवासी समाजाकडून काय शिकावे लागले हे त्यातून जितके कळते तितके आंदोलनाच्या कोणत्याही पत्रकातून कळत नाही.

भोपाळमध्ये २०१४ साली वायुपीडितांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संग्रहालयात दूरध्वनीचे रिसीव्हर कानाला लावून साक्षी ऐकण्याची सोय आहे. नर्मदेच्या मुलाखतींचे निवडक भाग संकेतस्थळावर खुले आहेत, परंतु पुनर्वसन वसाहतींत आणि डोंगरातील पाड्यांवर ते ऐकवण्याची अशी कायमची जागा निर्माण होणे आवश्यक आहे, कारण ज्यांच्या आजी-आजोबांचे हे बोल आहेत त्यांचा त्यांवरील अधिकार संशोधकाच्या आधीचा आहे.

हा अधिकार भावनेपुरता नाही. न्यायालयात ध्वनिफीत पुरावा म्हणून मांडायची तर तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते, पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे. शिवाय साक्षीदार हयात नसेल तर त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लिहून घेतलेले निवेदन हा पुराव्याचा एक प्रकार म्हणून स्पष्टपणे मान्य केलेला आहे, आणि अक्कलकुवा-अक्राणीतील नेवाडाचे दावे याच कायद्याखाली येतात. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करण्यासाठी ज्या पिढीकडे जायचे ती झपाट्याने कमी होत असताना, कोणता डोंगरउतार कोणी कसला हे तिच्याच तोंडून नोंदवून घेणे आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ते वेळेत लेखी स्वरूपात येईल अशी व्यवस्था लावणे, हे या दफ्तराचे आजचे निकडीचे काम आहे.