तीन लाखांचा लॅपटॉप आणि बँकेतील जुनी सवय

गेल्या श्रावणात सांगलीहून माझ्या पुतण्याचा दूरध्वनी आला. आमचे घराणे मूळचे हार्डवेअरच्या व्यापारातील. अलीकडे पुतण्याने पंपांचे सुटे भाग कोल्हापूरच्या फौंड्रीतून ओतून घेऊन पुरविण्याचा व्यवसाय जोडला आहे. "काका," तो म्हणाला, "मुलगा तीन लाख चाळीस हजारांचा लॅपटॉप मागतो आहे. साठ हजारांतही लॅपटॉप मिळतोच ना? तुम्ही आयुष्यभर कर्जप्रस्ताव तपासलेत, हाही एक तपासा."

मी गेलो तेव्हा घरात पिता-पुत्रांचे बोलणे जवळजवळ बंद झाले होते. वडिलांना ती चैन वाटत होती. मुलाला वाटत होते, आपण इंजिनिअर होऊन घरच्या व्यवसायात आलो आणि साधे अवजारही मिळत नाही. दोघांनाही आपले म्हणणे आकड्यांत मांडता येत नव्हते.

यंत्रसामग्रीसाठी कर्ज मागणाऱ्यास आम्ही बँकेत पहिला प्रश्न विचारत असू तो असा : तुमचे काम आज कोठे अडते? मुलाला मी तोच विचारला आणि सकाळभर त्याच्या शेजारी बसून राहिलो. तो सॉलिडवर्क्समध्ये त्रिमितीय आराखडे करतो. एकेक सुटा भाग त्याच्या जुन्या लॅपटॉपवर बऱ्यापैकी चाले. मात्र दीडशे-दोनशे भागांची पूर्ण जुळणी, ज्याला ते असेंब्ली म्हणतात, ती उघडली की यंत्र मिनिटेच्या मिनिटे स्तब्ध. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर 8 जीबी रॅम काठोकाठ भरलेली आणि उरलेला भार डिस्कवर उतरत असलेला. रॅमच्या तुलनेत डिस्क फारच मंद. टेबलावर मावत नाही म्हणून प्रत्येक कागदासाठी रेकॉर्ड रूममध्ये जावे, तशी ती गत.

दुसरी गोष्ट फसवी होती. आराखड्यातील एखादे माप बदलले की यंत्र विचारात पडे, पण प्रोसेसरचा एकूण वापर जेमतेम 12-13 टक्के दिसे. "म्हणजे प्रोसेसर रिकामाच आहे," असे पुतण्या म्हणाला. वस्तुस्थिती उलट होती. त्या प्रोसेसरचे टास्क मॅनेजरमध्ये आठ भाग दिसतात. त्यांतील एकच पूर्ण शक्तीने राबत होता आणि सात स्वस्थ होते. भागाच्या घडणीत प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असल्याने ते काम वाटून देता येत नाही. अशा कामाला पुष्कळ कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग थोडा. एकेक कोअर वेगवान हवा. ताणाचे विश्लेषण किंवा छायाचित्रासारखे चित्र तयार करणे, म्हणजे रेंडरिंग, यांत मात्र अधिक कोअर कामी येतात. मुलाला ते महिन्यातून एखादे वेळी लागते.

आता दरपत्रक हाती घेतले. बरीचशी रक्कम सर्वांत वरच्या ग्राफिक्स कार्डावर, 4के स्पर्शपडद्यावर आणि 2 टीबीच्या एसएसडीवर पडली होती. जेथे काम अडत होते तेथे नव्हे.

स्थानिक दुकानदाराने तेवढ्यात निम्म्या किमतीचा गेमिंग लॅपटॉप सुचविला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. विद्यार्थ्याला मीही तोच घेऊ दिला असता. थिंकपॅड पी किंवा एचपी झेडबुक यांसारख्या मोबाईल वर्कस्टेशनांत एनव्हिडियाची जी व्यावसायिक ग्राफिक्स कार्डे असतात (पूर्वी त्यांचे नाव क्वाड्रो होते), त्यांची चिप बहुधा गेमिंग कार्डासारखीच असते. खरा फरक ड्रायव्हरचा. सॉफ्टवेअर निर्माते ठरावीक कार्ड आणि ठरावीक ड्रायव्हर यांची जोडी तपासून प्रमाणित करतात व ती यादी प्रसिद्ध करतात. सॉलिडवर्क्सची रिअलव्ह्यू ही सुविधा अशा प्रमाणित कार्डांसाठीच आहे. ग्राहकासमोर आराखडा फिरवून दाखविताना कडा तुटक दिसल्या किंवा प्रोग्राम बंद पडला, तर तक्रार कोणाकडे करावयाची, हा धंद्यातला प्रश्न आहे. म्हणून प्रमाणित कार्ड घ्यावयाचे, पण मधल्या श्रेणीचे, असे आम्ही ठरविले.

येथे एक सावधगिरी. कार्डाचे केवळ नाव पाहून भागत नाही. आरटीएक्स ए2000 हे एकच लॅपटॉप कार्ड उत्पादकाच्या मर्जीप्रमाणे 35 वॅटपासून 95 वॅटपर्यंत चालविले जाते. सडपातळ देहात उष्णता कोंडते, मग यंत्र स्वतःच वेग उतरविते. दरपत्रकावर वॅटचा आकडा नसेल तर तो लेखी मागावा.

मग मी एक रेघ ओढली. पुढे बदलता येणार नाही ते एका बाजूस आणि पुढे वाढविता येईल ते दुसऱ्या बाजूस. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पडदा पहिल्या बाजूस. तेथे आज पैसे घालावेत. एसएसडी दुसऱ्या बाजूस. 1 टीबी पुरे, दुसरी खाच रिकामी आहे याची खात्री करून घेतली. रॅमचे नीट पाहावे लागते. काही सडपातळ लॅपटॉपांत ती मदरबोर्डावर डकविलेली असते, पुढे वाढत नाही. आम्ही खाचा असलेले यंत्र निवडले आणि 32 जीबी घेतली, पण 16-16च्या दोन पट्ट्यांत, कारण जोडी असली की माहितीच्या वाहतुकीचा मार्ग रुंदावतो. पुढे 64 हवी झाल्यास या पट्ट्या काढाव्या लागतील. तो तोटा समजून उमजून पत्करला.

पडदा 16 इंची, 4केचा आग्रह सोडून. कारखान्याच्या उजेडात दिसावा म्हणून बिनचकाकीचा आणि अधिक प्रकाशाचा. वजनाबाबत मुलाला मी स्पष्ट कल्पना दिली. असे यंत्र दोन ते तीन किलोंचे असते, चार्जर निराळा, आणि पूर्ण शक्ती विजेला जोडल्यावरच मिळते. फौंड्रीत गेल्यावर प्लग शोधावाच लागणार.

वॉरंटी तीन वर्षांची आणि जागेवर येऊन दुरुस्तीची घेतली. त्यात आमच्या पिनकोडवर ही सेवा मिळते की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारले. बिटलॉकरच्या कुलपाची रिकव्हरी की कागदावर उतरवून तिजोरीत ठेविली. डिस्क बिघडली वा मदरबोर्ड बदलला आणि ती की नसली, तर स्वतःचेच आराखडे स्वतःला दिसत नाहीत.

एकूण रक्कम दोन लाख दहा हजारांवर आली. बिल मुलाच्या वैयक्तिक नावे होऊ घातले होते, ते मी थांबविले. पेढीचे नाव आणि जीएसटी क्रमांक बिलावर असला तरच 18 टक्के कराची वजावट मिळावयाची. मात्र ती घेतल्यास त्या कराच्या रकमेवर पुन्हा घसारा मागता येत नाही. आमच्यातील काही व्यापारी दोन्ही मागतात आणि मग नोटीस येते. संगणकावर घसारा 40 टक्के, पण आर्थिक वर्षात वापर 180 दिवसांहून कमी झाला तर त्या वर्षी निम्माच. दिवाळीच्या सवलतीची वाट न पाहता सप्टेंबरातच खरेदी उरकली ती यामुळे.

वहीपूजनाच्या दिवशी चोपड्यांशेजारी नवा लॅपटॉप ठेवलेला होता. पुतण्याने हळूच विचारले, "काका, टॅलीसाठी मलाही असाच घ्यावा काय?" मी त्याच्या हाती मुलाचा जुना 8 जीबीचा लॅपटॉप दिला. टॅलीला तो भरपूर आहे.