जेवणाच्या टेबलावरचे सामुराई

दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळे मांडत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना चिमुकल्या सैनिकांची ओढ वेगळी समजावून सांगायला नको. इथे ब्रिटनमध्ये मोठी माणसंही हा छंद जपतात आणि त्याची पंढरी म्हणजे नॉटिंगहॅम. २८ मिलिमीटर मापाचे सैनिक रंगवायचे, टेबलावर झाडं-घरं मांडायची आणि फासे व मोजपट्टी घेऊन लढायचं. मोठ्या लढाईला शेकडो सैनिक लागतात. चकमकीला प्रत्येकी सात-आठ पुरतात. म्हणून आम्ही सामुराईंची चकमक निवडली.

सैनिक सहज मिळाले. शोध घ्यावा लागला तो नियमांचा. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मधलं क्यूझोचं द्वंद्व आठवा. दोघं बराच वेळ नुसते उभे, मग एकच वार आणि खेळ खलास. बऱ्याच नियमांत मात्र फासा टाका, जखम मोजा, पुन्हा फासा टाका, असा हिशेबच चालतो. वार होण्याआधीचा तो ताण कुठे सापडत नाही.

ऑस्प्रे प्रकाशनाच्या ‘रोनिन’मध्ये (२०१३) तो सापडला. प्रत्येक योद्ध्याला कौशल्यानुसार थोड्या सोंगट्या मिळतात. त्यातल्या हल्ल्याला किती आणि बचावाला किती, हे दोघांनी गुपचूप ठरवायचं आणि एकदम उघड करायचं. सगळ्या हल्ल्यात घातल्या, तर बचाव उघडा पडला! फासे आहेतच, पण त्याआधी समोरच्याचं मन वाचावं लागतं. सैनिक वाढले की मात्र खेळ रेंगाळतो.

वॉरलॉर्ड गेम्सने २०१७ मध्ये आणलेला ‘टेस्ट ऑफ ऑनर’ चटकन शिकता येतो. पिशवीतून टोकन काढायचं आणि त्यानुसार सैनिक हलवायचा. आपली पाळी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून सगळे जागे राहतात. द्वंद्वात मात्र मला नशिबाचा भाग जास्त वाटला.

आमच्या घरी या निवडीला आणखी एक कारण होतं. सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा आणि चौदा वर्षांची नात यांचं बोलणं “जेवलीस का?” “हो, आजोबा” यापुढे सरकत नव्हतं. तिचं मराठी तोकडं, त्यांना तिचं इंग्रजी झेपत नाही. मग आम्ही मिश्रण केलं: पाळी पिशवीतून, द्वंद्व ‘रोनिन’चं, सैनिक प्रत्येकी पाचच. आजोबा रमीतले मुरलेले. तळहाताखाली सोंगट्या झाकून ते नातीकडे बघत बसतात. “आजोबा, घाबरलात ना?” ती विचारते. “उघड की मग!” ते म्हणतात. तासाभरात डाव संपतो आणि त्यावरचा वाद जेवण होईपर्यंत चालतो, तोही मराठीत.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर आधी खर्च नको. पुठ्ठ्याचे सैनिक, साधे फासे आणि शर्टाची दोन रंगांची बटणं पुरतील. फराळाचं ताट तेवढं मोजपट्टीपासून लांब ठेवा.