टपली कोणाला मारता?

कॉमेडी पाहायला गेलात अन् हसूच आलं नाही, असं झालंय? २०१४चा ‘हमशकल्स’ आठवा. सैफ, रितेश, राम कपूर, प्रत्येकाच्या तीन-तीन भूमिका; पण विनोद कोणावर? मनोरुग्णालयातल्या माणसांवर. ज्याला उलट बोलता येत नाही, त्याला टपली मारणं ‘बोल्ड’ नाही, स्वस्त आहे.

टोचूनही हसवता येतं. २० डिसेंबर १९५६ला आपल्या वलगावजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीतून लोकांनाच उलटे प्रश्न विचारायचे. टोला बसायचा तो अंधश्रद्धेला, कर्ज काढून केलेल्या सणांना, शिवाशिवीला. ज्यांना लागायचा, तेच हसायचे.

तेव्हा राजेहो, कट्ट्यावर कुणाची नक्कल करताना एवढंच पाहा: तोही हसतोय ना?