मोहतर्फा, कौल आणि लहान उदमी

मराठेशाहीच्या हिशेबी कागदांत ‘मोहतर्फा’ हें कलम वारंवार येतें. किरकोळ बाब म्हणून वाचक तें बहुधा सोडून देतो. तथापि तेली, साळी, रंगारी, लहान दुकानदार अशा हातावर पोट असणाऱ्या लोकांशीं राज्य कसें वागे, हें समजण्यास तें फार उपयोगी आहे. सबब त्याचा थोडक्यांत विचार येथें करितों.

शब्द मूळ अरबी. ‘हिर्फत’ म्हणजे धंदा, आणि तो करणारा तो ‘मुहतरिफ’. दुकान, माग, घाणा इत्यादिकांवर जो कर बसे तो मोहतर्फा. शब्द परका असला तरी कल्पना जुनी आहे. किरकोळ व्यवहारावर जगणाऱ्या सामान्य जनाकडून राजानें वर्षाकाठीं अल्पस्वल्पच कर घ्यावा, व कारागिरांकडून महिन्यास एक दिवस काम करवून घ्यावें, असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. पहिल्या नियमांत सवलत आहे, तर दुसऱ्यांत वेठीचें बीज आहे. पण तेथेंही एक दिवस ही मर्यादा स्पष्ट आहे. कौटिल्यानें गिऱ्हाइकाचीही बाजू पाहिली. ठरल्या वेळीं काम न देणाऱ्या कारागिराची चतुर्थांश मजुरी कापावी व तिच्या दुप्पट दंड घ्यावा, असें तो सांगतो.

पेशवाईंत पेठ वसवावयाची म्हणजे उदमी बाहेरून आणावे लागत. पुण्याची शुक्रवार पेठ १७३४ सालीं जिवाजीपंत खासगीवाले यांनीं वसविली. अशा वसाहतीच्या कामीं सरकार कौल देई. कौल म्हणजे अभयपत्र. त्यांत ठराविक वर्षें कर माफ, पुढें शिरस्त्याप्रमाणें द्यावा, असा करार असे, व कित्येक कौलांत वेठबेगारीचीही माफी असे. आमच्या मतें हें शेवटलें कलम अधिक महत्त्वाचें. कराचा आंकडा आधीं ठाऊक असतो, त्याची तजवीज करितां येते. वेठीचें बोलावणें कोणत्या दिवशीं येईल याचा नेम नसे, आणि त्या दिवशीं कारागिराचा धंदा बुडे.

मुंबई इलाख्यांतील मोहतर्फा १८४४ च्या १९ व्या कायद्यानें उठला. पुढें १८७८ सालीं धंद्यांवर परवाना कर बसला, तेव्हां सुरतेंत दंगा झाला. १८८६ च्या प्राप्तीवरील कराच्या कायद्यांत वार्षिक ५०० रुपयांखालील उत्पन्न वगळण्यांत आलें. आज महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्यान्वयें व्यवसाय कर आहे. तो मोहतर्फ्याचाच वंशज म्हणावा. मात्र त्यास राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाची मर्यादा आहे. ती १९८८ पासून वार्षिक २,५०० रुपये आहे.

२०१४ च्या कायद्यानें फेरीवाल्यांची पाहणी करून त्यांस विक्रीचें प्रमाणपत्र द्यावें, व तें होईपर्यंत कोणास उठवूं नये, असें ठरविलें. हा आमच्या मतें नव्या काळचा कौलच होय. ज्याच्या हातीं हा कागद नाहीं, त्याजकडून कोण केव्हां काय मागेल याचा नेम नाहीं. म्हणजे त्याची वेठ अद्याप सुटली नाहीं. तेव्हां सवलत किती मोठी, याबरोबरच ती त्या माणसाच्या हातीं लेखी पडली कीं नाहीं, हें पाहणें अवश्य आहे.

ज्यांच्या घरच्या दप्तरांत पेठांचे कौल असतील, त्यांनीं त्यांच्या नकला प्रसिद्धीसाठीं पाठवाव्या, अशी विनंति आहे.